पाण्यातलं हलकं बी

अक्का, तुला जाऊन दीड महिना झाला आणि आज सकाळपर्यंत मी रडले नव्हते. सवड मिळाली नाही असं लोकांना सांगायची. खरं कारण वेगळं होतं. मला भीती वाटत होती. राजारामपुरीतल्या दवाखान्यात तू मला एक गोष्ट विचारलीस, मी मान डोलावली, आणि ते खोटं होतं. त्या मानेवर विश्वास ठेवून तू गेलीस. गेल्या आठवड्यापर्यंत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. तुझ्या भावाला, अण्णालासुद्धा नाही.

तुझ्या शोकसभेत मोठमोठी माणसं बोलली. भातावर संशोधन करणाऱ्या, परदेशात शिकून आलेल्या, जगाच्या भुकेची काळजी वाहणाऱ्या बाई, असं म्हणाली. मी मागच्या रांगेत बसले होते. मला बोलायला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी काय बोलले असते? माझ्यासाठी तू शाहूपुरीतल्या माझ्या बियाणांच्या दुकानात आलेलं सगळ्यात तापदायक गिऱ्हाईक होतीस.

दुकान तेव्हा नवं होतं, एका गाळ्याचं. तू आलीस आणि म्हणालीस, "भाताचं बी पाहिजे. एक मूठ."

"मुठीनं विकत न्हाय आम्ही. चिमण्या पाळल्यात काय?"

"एकच मूठ. पण तुमच्याकडं असतील तेवढ्या सगळ्या जातींची."

"आन् ते निवडत बसायला माणूस कुणाच्या घरचा आणू?"

"मी बसते की. तुमचा राग उतरला की द्या."

आणि खरंच पोत्यावर बसलीस. दुपारपर्यंत. गिऱ्हाईकं तुला ओलांडून आत येत होती. शेवटी वैतागून मी मुठी भरायला घेतल्या, तर तू माझा हात धरलास. "तुमची मूठ लहान हाय. माझ्या मुठीनं." त्या दिवशी मला कळलं की या बाईशी घासाघीस करायला मजा येणार.

मी बाजारात ओरडते म्हणून तू माझी टिंगल करायचीस. कारण मी तुलाच पहिल्यांदा सांगितलं होतं. मी धंद्यात आले तेव्हा आमच्याकडे सौदे रुमालाखाली व्हायचे. दोघे व्यापारी एका रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबायचे, भाव ठरायचा, शेजारी उभ्या माणसाला पत्ता नसायचा. रुमालाखाली बाईचा हात कोण धरणार? म्हणून मी भाव तोंडानं सांगायला लागले, सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं. तेव्हापासून मालन भांडकुदळ झाली. ऐकून तू म्हणालीस, "ओरड मग. पण माझ्यावर नको." त्यानंतर मी तुझ्यावर जास्तच ओरडत गेले, आणि तू ते चालवून घेत गेलीस.

आणखी एक गोष्ट फक्त तुला माहीत होती. मी सात-आठ वर्षांची असताना महापुरात आमचं भात गेलं. दुसऱ्याच्या जमिनीतलं, वाट्यानं केलेलं. पाणी उतरल्यावर उभ्या रोपांचा नुसता काळा चिखल राहिला होता. त्या वर्षी आई आम्हाला घेऊन वरच्या गावांच्या बांधांवर जायची आणि उंदरांची बिळं खणायची. उंदीर लोंब्या ओढून आत साठवतात. त्या काढायच्या, धुवायच्या, निवडायच्या. निवडायचं काम माझं. भरलेला दाणा इकडं, पोकळ तिकडं. पोकळ दाणा बोटाला लागला की मला शेजारच्या माणसानं फसवल्यासारखा राग यायचा. अजून येतो. माझ्या दुकानातल्या बियाला जिल्ह्यात नाव आहे ते या रागामुळंच. हे ऐकून तू म्हणाली होतीस, "उंदराशी घासाघीस केलीस की गं तू." दुसरं कुणी असं म्हटलं असतं तर मी त्याला दुकानातून बाहेर काढलं असतं.

तू मात्र त्या काळ्या चिखलाचंच काम धरलं होतंस. कुरुंदवाडला नदीकाठच्या तुमच्या जमिनीत, जिथं दर पावसाळ्यात पाणी बसतं, तिथं तू मुद्दाम भात लावायचीस. सगळं गाव उसाचं. लोक बांधावरून विचारायचे, "अक्का, भात लावलाय का बेडकं पाळल्यात?" तू मला समजावून सांगितलं होतंस. पाण्याखाली गेलेलं रोप घाबरतं, हवा मिळवायला वर वर पळायला बघतं, त्यात होती नव्हती ताकद संपवतं आणि मरतं. जे तगतं ते वाढणं थांबवतं, ताकद राखून गप्प बसतं, आणि पाणी उतरल्यावर पुन्हा फुटतं. "तुझ्यासारखं न्हाई," तू म्हणालीस. "तू वर पळणारं रोप."

अशी पाणी सोसणारी भातं जगात आहेत, ती तू बाहेर शिकताना पाहिली होतीस. पण त्यांचा भात आपल्या माणसाच्या घशाखाली उतरत नाही, आणि जे खावंसं वाटत नाही ते कुणी पेरत नाही. म्हणून तू ते आपल्या इकडच्या वासाच्या भाताशी जुळवत बसलीस. वर्षानुवर्षं. दर हिवाळ्यात डबा घेऊन दुकानात यायचीस. मी दह्याबरोबर खायचे आणि तोंड वाकडं करायचे. "चिकट झालाय. हे मी विकणार न्हाय." तू वहीत लिहायचीस. "वास कुठं गेला?" तेही लिहायचीस. एका वर्षी मी काही न बोलता डबा संपवला. तू वही मिटलीस आणि तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणाले, "एवढं काय त्यात, भातच हाय." मी तशीच आहे.

आपलं भांडण कधी संपलंच नाही. तू म्हणायचीस, नदी सगळीकडे सारखीच. इथं तगलं तर जिथं जिथं नदीकाठी गरीब माणूस भात लावतो, तिथं त्याच्या पोरांना बिळं खणावी लागणार नाहीत. मी म्हणायचे, धान्य कमी आहे म्हणून माणसं उपाशी आहेत हे तुला कुणी सांगितलं? गोदामात पोती सडताना मी डोळ्यांनी पाहिली आहेत. भूक बियानं जात नाही, माल वेळेवर आणि परवडेल अशा भावात दारात पोचला की जाते. ते काम बाजाराचं. तू म्हणायचीस, बाजार दारात येईपर्यंत माणसानं काय खायचं? मी म्हणायचे, मग फुकट वाटलेलं बी तो जपेल का? तू म्हणायचीस, जपेल. मी म्हणायचे, खाईल.

आणि मग ती कुरुंदवाडची बैठक. अक्का, ते मी विसरलेले नाही आणि तू गेलीस म्हणून विसरणारही नाही. मी तुला म्हटलं होतं, हे बी मला दे. मी स्वच्छ करते, पिशवीत भरते, पोचवते, तुझं नाव छापते. तू शंभरेक शेतकऱ्यांसमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "हे बी मूठ-मूठ मिळंल. एक मूठ न्यायची, पुढं दोन मुठी दुसऱ्याला द्यायच्या. मालनच्या दुकानात हे मिळणार न्हाई. मिळालं तर ते माझं नव्हं." लोक माझ्याकडे बघून हसले. त्यातले निम्मे माझे गिऱ्हाईक. वीस वर्षं तुझे डबे चाखले ते मी, आणि सगळ्यांसमोर चोर ठरले तीही मीच. दोन पावसाळे आपण बोललो नाही. तू कधी माफी मागितली नाहीस. मला ती हवी होती. अजून हवी आहे.

गेल्या दिवाळीनंतर तूच निरोप पाठवलास. तुझी तब्येत तेव्हाच उतरली होती. घरी गेले तर तू पत्र्याचा एक डबा माझ्या मांडीवर ठेवलास. म्हणालीस, यंदाच्या वाफ्यातलं आहे, आजवरचं सगळ्यात चांगलं, पण गुण अजून स्थिरावलेले नाहीत, काही रोपं पाणी सोसतात, काही नाही. पुढच्या पावसाळ्यात पेरायला हवं आणि माझ्यानं होईलसं वाटत नाही.

"माझ्याकडं का देतीस? मी चोर न्हवं का?"

"तुला उपाशी राहायची भीती हाय. तेवढी पुरे मला."

मी रागात होते, पण डबा घेऊन आले. आणि मग, अक्का, संक्रांतीच्या सुमाराला मी तो उघडला. आत काय होतं? काही दाणे टपोरे, काही बारीक, सुरकुतलेले, वजनाला काहीच नाही. माझ्या बोटांना तो जुना राग आला. मला वाटलं, आजारपणात बिचारीला निवडायला जमलं नाही. मी चांगुलपणानं केलं हे तू मान. थोडी ऐटसुद्धा होती, की बघ, तू मला सगळ्यांसमोर बोललीस आणि मी तुझं बी कसं चकचकीत करून ठेवते. बादलीत मिठाचं पाणी केलं, दाणे सोडले. जड ते तळाला बसलं. हलकं वर तरंगलं ते चाळणीनं काढलं आणि गच्चीवर पारव्यांना टाकलं. तळाचं धुऊन सावलीत वाळवलं, कडुलिंबाचा पाला घालून डबा बंद केला. पंचवीस वर्षं माझ्या हातून जाणारं प्रत्येक बी असंच गेलं आहे.

मे महिन्यात मी दवाखान्यात तुझ्याजवळ बसले होते. दुपार होती, तुझी सून जेवायला गेली होती. तू हळूहळू बोललीस. "त्या डब्यात दोन जागंचं हाय. बांधाकडच्या कोरड्या पट्ट्यातलं आणि खोलातलं. मला यायला उशीर झाला, मळणी करताना गड्यांनी एकत्र केलं. खोलातलं उशिरा पिकलं, नीट भरलं न्हाई. हाताला हलकं लागंल. पाणी सोसलेलं तेच, मालन. ते हलकंच खरं. तू आहे तसंच ठेवलंयस न्हवं?"

मी मान डोलावली.

का डोलावली ते मी स्वतःला रोज विचारते. तुझी अवस्था बघून बोलता आलं नाही, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं हे की त्या क्षणी तू बैठकीत म्हणालेलं सगळं खरं ठरत होतं. माझ्या हाती आलं आणि ते तुझं राहिलं नाही. तू तसं म्हणाली असतीस, तर तेवढंच घेऊन मला उरलेलं आयुष्य काढावं लागलं असतं. तू "बरं" म्हणालीस आणि डोळे मिटलेस. तुझी बोटं माझ्या मनगटावर होती. मला वाटलं, नाडीवरून तुला कळेल.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी अण्णाकडून तुझी वही मागून घेतली, ज्यांना ज्यांना मुठी दिल्या त्यांची नावं असलेली. पेरायच्या आधी वाचून बघायची आहे, एवढंच सांगितलं. आणि एसटीनं, रिक्षानं, कुणाच्या मोटारसायकलवर मागं बसून ती गावं फिरले. कुणाकडे तरी जुनं, न निवडलेलं, पाण्यातलं उरलं असेल.

"ते व्हय? खाल्लं की. लई ग्वाड लागलं."

"आमच्याकडं पावणं आलतं. भात केला, संपला."

"कोंबड्यांनी फोडली पिशवी, ताई. आता तुमच्याच दुकानातलं नेतोय."

एरवी या उत्तरांनी मला केवढा आनंद झाला असता! फुकटचं कुणी जपत नाही, मी म्हणत होतेच. पण अक्का, तुझ्याशी भांडताना आयुष्यात पहिल्यांदा मला हरायचं होतं, आणि मी जिंकत चालले होते. रस्त्यात मला लहानपणचा तो चिखलाचा वास यायचा, कडक उन्हातसुद्धा.

वहीतलं शेवटच्या पानावरचं एक नाव हौसाबाई. कुरुंदवाडच्याच नदीकाठची, एकटी राहणारी, दुसऱ्यांच्या रानात तण काढून, भांगलण करून पोट भरणारी म्हातारी. तिनं मडकं काढलं. राखेत ठेवलेलं फडक्याचं गाठोडं. सोडलं तर आत तेच, बारीक, सुरकुतलेलं, हलकं.

"घरामागल्या परड्याच्या खालतीकडं टाकतो मी दर साली," ती म्हणाली. "पाणी येतंय तिथं, पर हे येतंयच वर. वाडगाभर निघतंय."

मी तोंड उघडलं आणि सवयीनं भाव करायला लागले. किती देऊ, काय देऊ, वर्षाचं भात देते.

"गप," हौसाबाई म्हणाली. "तुझं दुकान ठाऊक हाय मला. म्हाताऱ्या बाईला बी एक दाणा वरचा देत न्हाईस. मी अक्काकडनं एक मूठ आणलती. दोन द्यायच्या हुत्या. तू घे. पर एक सांग, निवडणार न्हाईस न्हवं?"

तिला काय माहीत होतं? काही नाही. माझी ख्याती माहीत होती. मी घरी येईपर्यंत ते गाठोडं उघडलं नाही, आणि उघडल्यावर हात मांडीखाली दाबून बसले. खोटं वाटेल, पण बोटं चाळणीकडे जात होती.

तू जपेल म्हणालीस, मी खाईल म्हणाले. वहीभर माणसांनी खाल्लं आणि एका बाईनं जपलं. यात कोण जिंकलं ते सांग, म्हणजे मला पुढं भांडता येईल.

तुझ्या जमिनीत दोन वाफे केले, डब्यातल्या माझ्या स्वच्छ बियाचा एक आणि हौसाबाईच्या गाठोड्याचा एक. रोपांचा तरवा चांगला आला. दोन्हींची लावण खोलगट जागेत शेजारी शेजारी केली, मध्ये काठ्या रोवल्या. लावण संपल्यावर अण्णा म्हणाला, "एकाच जातीचं दोन ठिकाणनं कशाला लावलंस?" तेव्हा मी चिखलात उभी राहून सगळं सांगितलं. मीठ, बादली, पारवे, दवाखाना.

अण्णानं हातातली काठी चिखलात रोवली.

"आनि हे तू आत्ता सांगतीस?"

"व्हय."

"अक्का असती तर तुला बांधावरनं ढकलली असती."

"ढकल की मग."

"नगं. रोपं मोडतील."

तेवढंच बोलला. घरी जाताना माझ्या चपला मात्र त्यानं उचलून घेतल्या. मी त्याच्या मागून चालले, आणि तुला न सांगितल्याची जागा छातीत तशीच राहिली. त्याला सांगून ती भरली नाही.

चार दिवसांनी नदी पात्राबाहेर आली. मी अण्णाच्या घरी राहिले आहे, उंचावर, माडीच्या खिडकीतून दिसतं. आधी काठ्यांचे बुडखे गेले, मग मधला भाग, मग शेंडे. आता तिथं नुसतं लाल पाणी आहे आणि त्यावरून कुणाची तरी वैरण वाहत जाते. दोन्ही वाफे खाली आहेत. वर पळतंय कोण, गप्प बसलंय कोण, इथून काही दिसत नाही.

मला कशाची भीती वाटते ते आता मला नीट सांगता येत नाही. पाणी लवकर उतरलं तर तुझ्या बियाची परीक्षा होणार नाही, दोन्ही तगतील आणि खरं काय ते कळायचं नाही. उतरलं नाही तर सगळंच जाईल, आणि पुन्हा शोधायला वहीत नाव उरलेलं नाही. शिवाय हौसाबाईचं घर, राखेतल्या मडक्यासकट, पाण्यात आहे. माणसांची घरं पाण्यात असताना मी आणखी थोडे दिवस पाणी राहू दे असं मनात आणते, आणि आणलं की स्वतःचीच लाज वाटते. पुराला भिऊन मोठी झालेली मी.

आज सकाळी शाळेत गेले. पुरातली माणसं तिथं ठेवली आहेत. हौसाबाई वर्गात फळ्याखाली चटईवर बसली होती. घराचं काही विचारेल म्हणून मी तयारी करून गेले होते.

"किती दिस झालं त्याला पाण्यात?" तिनं विचारलं.

"सहा."

"अक्का किती म्हणायची?"

"बारापर्यंत तगंल म्हणायची."

"ते निवळ पाण्यात. आमच्या परड्यात निवळच येतंय, वढ्याचं. हे लाल हाय. आत उजेड जातोय का?"

मी गिऱ्हाइकाला कधी उत्तराशिवाय पाठवलेलं नाही. ठाऊक नसलं तरी ठोकून दिलं आहे. माझ्या तोंडाशी 'बारा' आलाही होता.

"मला ठाऊक न्हाय, हौसाबाई."

तिनं चटईवर जागा करून दिली. मी बसले. तिथं बसल्यावर पहिल्यांदा रडायला आलं, आणि आजूबाजूच्या बायकांना वाटलं की माझंही घर गेलं. एकीनं चहाचा कप पुढं केला. मी परत येऊन तुझ्या सगळ्या वह्या काढल्या आहेत, पानन् पान बघितलं आहे. वास, चिकटपणा, दाण्याची लांबी, माझी सगळी नावडती वाक्यं लिहिली आहेस. हे एक लिहिलेलं नाही. इतकी वर्षं आपण भांडलो आणि हे एक विचारायचं मला सुचलं नाही.

अक्का, पाणी लाल असलं तर किती दिवस?